किनारा दिसतोय, पण होडी नेमकी कुठे? होकायंत्र, खुणांची ओळ की जीपीएस

अलिबागसमोर चार-पाच सागरी मैलांवर तुमची छोटी शिडाची होडी आहे असं धरू. ईशान्येला खांदेरीचं दीपगृह, पूर्वेला कुलाबा किल्ला, आग्नेयेला कोर्लईचा किल्ला. नकाशावर आपली जागा टिपायची कशी?

मी सगळ्यात आधी दोन खुणा एका ओळीत येतात का ते बघतो. मागची खूण पुढचीच्या बरोब्बर पाठीमागे आली, की त्या दोन्ही जोडणाऱ्या रेघेवर तुम्ही असताच. इथे होकायंत्र लागत नाही, म्हणून त्याची चूकही शिरत नाही. कोकणातले तांडेल, म्हणजे मच्छीमार होड्यांचे प्रमुख, मासेमारीच्या जागा डोंगर-देवळांच्या अशाच जोड्यांवरून ओळखत आले आहेत. अडचण एवढीच, की हवी तेव्हा ओळ जुळत नाही आणि दोन्ही खुणा नकाशावर असाव्या लागतात. शिवाय रेघ एकच मिळते, दुसरीसाठी होकायंत्र उचलावंच लागतं.

हातातल्या होकायंत्राने कुठल्याही क्षणी खुणेची दिशा घेता येते. नकाशावर त्या खुणेतून त्या दिशेची रेघ ओढली की आपण तिच्यावर कुठेतरी असतो, आणि दोन रेघा छेदतात तिथे आपली जागा. मुंबई-अलिबागच्या पाण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे छोट्या होडीवर तो सोडून दिला तरी चालतं. खरा त्रास लोखंडाचा आणि लाटांचा. खिशातला मोबाईल, सुरी, जवळचा स्पीकर, सगळं दूर ठेवा. हलत्या होडीत तीन अंश सहज चुकतात आणि पाच सागरी मैलांवरच्या खुणेसाठी ती चूक जवळजवळ अर्धा किलोमीटर होते. म्हणून लांबच्या ठळक डोंगरापेक्षा जवळची खूण बरी. होडीच्या आडव्या बाजूला, म्हणजे डाव्या-उजव्या अंगाला, असलेल्या खुणेची दिशा सगळ्यात भरभर बदलते, ती शेवटी घ्या आणि घड्याळातली वेळ लिहा. पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, होडी मिनिटाला दीडशे मीटर सरकते.

दोन दिशा की तीन? तीनच. दोन रेघा नेहमी एका बिंदूत छेदतात, त्यात चूक लपून राहते. तीन रेघांचा त्रिकोण मोठा आला की काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. अशा वेळी त्याच्या खडकाकडच्या कोपऱ्यात आपण आहोत असं धरून चालावं.

एकच दीपगृह दिसत असेल तर ते नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) ४५ अंशांवर असताना आणि मग ९० अंशांवर आल्यावर वेळ नोंदवा. मधे कापलेलं अंतर तेवढंच दीपगृहापासूनचं अंतर. भरती-ओहोटीची ओढ असेल तर हे उत्तर कच्चं.

जीपीएस काही मीटरांत जागा सांगतो, धुक्यातही. अचूकतेत बाकी कुणी त्याच्या जवळ येत नाही. पण बॅटरी संपते, पडद्यावर खारं पाणी चढतं. जुन्या नकाशाचा आधारबिंदू (अक्षांश-रेखांश ज्याच्या आधारे मोजले ती पद्धत) वेगळा असेल तर अक्षांश-रेखांश तसेच टिपल्यावर ठिपका सरकतो. नकाशावरची त्याबद्दलची टीप आधी वाचा.

खरेदी थोडीच जमणार असेल, तर जीपीएस मोबाईलमध्ये आहेच. पैसे हातातल्या होकायंत्रावर आणि डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या कागदी नकाशावर घाला. मग दर अर्ध्या तासाने दोन्हीकडून जागा टिपा. जुळली नाही, तर आधी खूण ओळखण्यात चूक झाली का ते तपासा.