घरच्या टीपीएनच्या नोंदी: खास अ‍ॅप की शेअर केलेली शीट?

घरी टीपीएन (शिरेतून बॅगने दिलं जाणारं पूर्ण पोषण) चालू असेल तर काय काय नोंदवायचं हे तुम्हाला सांगायला नको. प्रश्न असतो तो फोनवर कशात नोंदवायचं हा. भावासाठी मी दोन्ही वापरून पाहिलं: होम केअरच्या रुग्णांसाठी बनवलेलं एक अ‍ॅप, आणि घरचे, नर्स व डाएटिशियन मिळून भरतात-बघतात अशी साधी शीट. अनुभव एकाच घरचा आहे, तेवढं धरूनच वाचा.

अ‍ॅपचं कौतुक आधी. वजनाचा आलेख आपोआप निघतो आणि तो खरंच कामाचा असतो. एका दिवसात किलोभर वजन वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असण्याचीच शक्यता जास्त. बॅग फ्रिजमधून वेळेवर बाहेर काढायची आठवण, ड्रेसिंगची तारीख, लेबलचा फोटो, सगळं एका जागी. शीटमध्ये आठवणीसाठी फोनचा गजर लावावा लागतो, आणि कुणीतरी घाईघाईत फॉर्म्युला पुसून टाकतं ते वेगळंच.

माझं घोडं अडलं ते रात्री बारा वाजता.

बॅग रात्री लागते आणि सकाळी सुटते. अ‍ॅपचा दिवस मात्र बाराला संपतो, आणि बॅग ज्या तारखेला लागली त्या तारखेच्या नावावर चढते. एरवी आम्ही नऊच्या सुमाराला लावतो. पण एखाद्या रात्री उशीर होऊन बारा उलटले, की आदल्या तारखेला शून्य आणि पुढच्या तारखेला दोन बॅगा! दोन लिटरची बॅग असेल तर कागदोपत्री चार लिटर. स्टोमातून (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून) गेलेलं पाणी तारखेप्रमाणे बरोबर असतं, त्यामुळे पाण्याचा जमाखर्च एकदा उणे आणि एकदा भरमसाट अधिक दिसतो. मग लाल खूण, आणि सकाळी नर्सचा फोन: "काल बॅग लावली नाही का?" तारीख हाताने बदलायची सोय मला तरी सापडली नाही.

याहून खटकलं ते साखरेचं. बॅग सुटल्यावर साधारण तासाभराने साखर बघतो, कारण ग्लुकोज थांबलं की ती एकदम खाली जाऊ शकते. हा आकडा त्या रात्रीच्या बॅगशेजारीच हवा. अ‍ॅपमध्ये तो दुसऱ्या दिवसाच्या पानावर जाऊन बसतो.

शीटमध्ये मी एक ओळ म्हणजे एक बॅग असं ठरवलं. लावल्याची वेळ, सुटल्याची वेळ, गेलेले मिली, नंतरची साखर, आणि पुढची बॅग लागेपर्यंतची लघवी व स्टोमा. डाएटिशियनला तीच ओळ वाचायला सोपी गेली.

तुमचा पंप अ‍ॅपला थेट आकडे पाठवत असेल, किंवा टीम त्याच अ‍ॅपवर रोज बघत असेल, तर कदाचित अ‍ॅपच बरं. घेण्याआधी बारानंतर सुरू केलेली एक खोटी बॅग त्यात भरून बघा. आणि टप्प्याटप्प्याला टिक मागणारं अ‍ॅप असेल तर जपून: हात धुऊन लाइन (शिरेत जाणारी नळी) जोडायला बसल्यावर फोनला हात लावायचा नसतो. बॅग चालू असताना थंडी वाजून ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर यातलं काहीच उघडू नका, आधी टीमला फोन करा.