सोनेरी डॉलरसाठी काटा, व्हर्नियर आणि भिंग: कशाला किती गुण?

अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यानं दिलेला सोनेरी डॉलर संभाजीनगरच्या सराफ्यात नेला, तर उत्तर ठरलेलं: सोनं नाही. बरोबरच आहे, गाभा तांब्याचा आणि वरचा थर मँगनीज मिसळलेल्या पितळेचा. पण संग्रहातलं मोल कसोटीच्या दगडावर कळत नाही. त्यासाठी ऑनलाइन मिळणारे खिशातला काटा, प्लॅस्टिकचा व्हर्नियर (व्यास मोजायची जबड्याची पट्टी) आणि भिंग या तीन वस्तू डॉलरच्या नाण्यांवर वापरून कशा वाटल्या, ते इथं.

काटा २०० ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्यावा. आधी दहा रुपयांचं नवंकोरं नाणं ठेवा; ७.७१ च्या आसपास आलं तर काटा विश्वासाचा. पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण इलाज नाही. सेल उतरले की वजन हळूहळू सरकतं, तेव्हा दर पाच-सहा नाण्यांनंतर शून्य बघा.

१९७९ चा सुसान अँथनी डॉलर, २००० चा साकागाविया, २००७ पासूनचे राष्ट्राध्यक्षांचे, २०१८ पासूनचे इनोव्हेशन, सगळे ८.१ ग्रॅम आणि २६.५ मिमी. म्हणजे काटा मालिका सांगत नाही, छेडछाड सांगतो. खरी कमाई १९७१ ते ७८ च्या मोठ्या आयझेनहॉवर डॉलरवर होते: तांबे-निकेलचा २२.६८ ग्रॅम, ४० टक्के चांदीचा २४.५९. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा 'एस' दिसला म्हणून चांदी धरू नका, त्याच टांकसाळीत चांदी नसलेली प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेली चकचकीत) नाणीही पडलीत.

आता कड. फसवाफसवी इथंच जास्त. आपल्याला सालाखाली हैदराबादची चांदणी शोधायची सवय. राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरवर साल तोंडावर नसतंच. ते टांकसाळीच्या 'पी' (फिलाडेल्फिया) किंवा 'डी' (डेन्व्हर) सोबत कडेवर कोरलेलं असतं. २००९ पासूनच्या साकागावियाचंही तसंच. त्यामुळं 'साल छापायचं राहिलं' म्हणून हजारभर रुपये मागणाऱ्याला नमस्कार करून पुढं व्हावं. अक्षरं उलटी दिसली तरी ती चूक नव्हे. नाणं कोणत्या बाजूनं यंत्रात गेलं, एवढाच तो फरक.

कड साफ कोरी असेल, तर आधी मालिका बघा. २००८ पर्यंतच्या साकागावियाची कड कोरीच असते. २००७ च्या वॉशिंग्टनवर अक्षरं नसतील, तर ती खरी टांकसाळीची चूक असू शकते आणि तिला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भाव मिळतो. म्हणूनच काही जण कड घासून अक्षरं उडवतात. घासलेलं नाणं वजनात आणि व्यासात कमी भरतं, शिवाय कडेला आडवे ओरखडे राहतात. व्हर्नियर प्लॅस्टिकचाच बरा. ०.१ मिमीच्या पुढं तो सांगत नाही, पण पोलादी जबड्यासारखा चरा तरी पाडत नाही.

भिंगानं निराशा केली. '४० पट' छापलेल्या स्वस्त भिंगात मधला ठिपका तेवढा स्पष्ट, कडा धूसर. त्याचा एलईडी सोनेरी पृष्ठावर इतका चमकतो की चरे लपतात. दिवा बंद करून खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा. काचेचं साधं दहापट भिंग यापेक्षा सरस. ते लागतं मुख्यतः २००० च्या 'पी' साकागावियासाठी: चीरिओस या न्याहारीच्या खोक्यांतून वाटलेल्या ५,५०० डॉलरांपैकी काहींवर गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त बारकाईनं कोरलेली आहेत. तशा नाण्याला हजारो डॉलर मिळतात. पण ते परत तज्ज्ञाकडून प्रमाणित करून घ्यावंच लागतं.

वापरून काळवंडलेला बाकीचा डॉलर म्हणजे त्या दिवशीच्या दरानं एक डॉलर. त्याला चिंच किंवा पितांबरी लावू नका, घासलेलं नाणं संग्राहक हातात घेत नाही.

पाचपैकी गुण: काटा साडेचार, व्हर्नियर साडेतीन, ४० पट भिंग दीड.