सात महिने, चौदा कादंबऱ्या: रँचवरच्या ख्रिस्ती गोष्टी

जूनमध्ये किंडलवर पहिली घेतली. आता जानेवारी आहे, चौदा वाचून झाल्या. सगळ्या आजच्या अमेरिकेतल्या. टेक्सास नाहीतर मोंटानातली रँच (गुरं पाळायची मोठी शेती), पिकअप, घोडे, बँकेचं कर्ज आणि रविवारची उपासना. मी जनावरांचा डॉक्टर आणि नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, त्यामुळे गोठाही तपासला आणि प्रार्थनाही.

गायी विण्याच्या हंगामात या गोष्टी अगदी खऱ्या होतात. मार्चच्या बर्फात रात्रभर दर दोन-तीन तासांनी पहिलारू कालवडींत फेरी, ओलं वासरू पिकअपच्या हीटरपुढे, पहिल्या काही तासांत चीक पोटात जावा म्हणून धडपड. वासराला गारठा लागला की कानांची टोकं झडतात, तेही कुणीतरी लिहिलंय. एका कादंबरीत नायक अडलेल्या वासराच्या पायांना साखळी लावून ओढतो आणि तोंडून फक्त 'प्रभू' निघतं. अशा रात्री मी काढल्यात. तेव्हा तेवढीच प्रार्थना सुचते.

काउबॉय चर्चमध्ये, म्हणजे रँचवरच्या लोकांच्या साध्या चर्चमध्ये, जनावरांच्या पाण्याच्या टाकीत बाप्तिस्मा देतात, हे मला लेखिकेच्या मनचं वाटलं होतं. शोधलं तर खरं निघालं. फार आवडलं.

अशा ख्रिस्ती प्रेमकथांची हार्लेक्विन या प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड' मालिका 1997 पासून चालू आहे. लग्नाआधी चुंबनापुढे काही नाही, शेवट गोड. या साच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पावसाची. दुष्काळ पडतो, नायक गुडघे टेकतो, दोन पानांत सरी. 2011 मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी पावसासाठी तीन दिवस प्रार्थना करायचं आवाहन केलं होतं. ते साल तिथल्या नोंदींतलं सर्वांत कोरडं ठरलं. चारा संपला, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या गायी लोकांनी विकल्या. 2019 मध्ये आमच्याकडे चारा छावण्यांत माझी ड्युटी होती. दावणीला सुकलेली जनावरं आणि शेजारी बसलेला मालक मी रोज पाहिलाय. अशा माणसाची श्रद्धा कशी टिकते, हे मला वाचायचंय, आणि लगेच पडणारा पाऊस नेमकं तेच लिहू देत नाही.

चौदांपैकी दोघींनी ते धाडस केलंय. एकीत म्हातारा रँचर सगळा कळप विकतो, एक गाभण गाय ठेवतो आणि रविवारी नेहमीच्या बाकावर जाऊन बसतो. पाऊस शेवटपर्यंत येत नाही. ती मी दोनदा वाचली, आणि आता पुतणीला दिली आहे.