वर्गातील इंटरॅक्टिव्ह पॅनल : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

वर्गसमीकरणांचे आलेख शिकवत असताना आमच्या वर्गातील पॅनलवर, म्हणजे फळ्यासारख्या वापरायच्या मोठ्या स्पर्श-पडद्यावर, कोणी हात न लावताच रेघा उमटू लागल्या, समीकरणातील किंमत बदलणारा स्लायडर आपोआप सरकू लागला आणि उरलेला तास मला खडू-फळ्यावर पूर्ण करावा लागला. त्यानंतर सेवा केंद्राशी जो वाद झाला, त्यामुळे हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पॅनल 75 इंची, फोर-के, अँड्रॉइडवर चालणारे आणि अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी स्पर्श ओळखणारे आहे. बाकीचा तपशील प्रत्येक माहितीपत्रकात असतोच.

सारा घोळ या स्पर्श ओळखण्याच्या पद्धतीत आहे. या प्रकारात काचेला स्वतःला काहीच कळत नाही. चौकटीच्या एका कडेला अवरक्त प्रकाश सोडणारे बारीक दिवे आणि समोरच्या कडेला तो टिपणारे संवेदक असतात. काचेच्या किंचित वर किरणांचे अदृश्य जाळे तयार होते आणि ते जिथे अडते तिथे स्पर्श झाला, असे यंत्र धरून चालते. अडवणारी वस्तू बोटच असली पाहिजे असे नाही. म्हणूनच खास पेन लागत नाही, साधी काडीही चालते, आणि हा फायदा खरा आहे. पण त्याच कारणाने बाहीची कड, चिकटपट्टीचा तुकडा किंवा कडेवर साचलेली धूळही ‘लिहू’ लागते. खिडकीतून थेट ऊन पडले तरी संवेदक गोंधळू शकतात.

सेवा केंद्राने पॅनल न पाहताच, दूरध्वनीवरून, मुख्य सर्किट बोर्ड गेल्याचे आणि तो हमीत बसत नसल्याचे सांगितले. हे निदान लेखी द्या, असा आग्रह धरल्यावर तंत्रज्ञ आला. त्याने मोबाइलचा पुढचा कॅमेरा चौकटीच्या कडेसमोर धरला, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे दिवे पडद्यावर जांभळट ठिपक्यांच्या रांगेसारखे दिसले, आणि खालच्या कडेच्या एका भागात ते अगदी मंद होते. तिथे खडूची भुकटी बसली होती. कोरड्या मऊ कापडाने ती कड पुसली, कॅलिब्रेशन केले, म्हणजे स्पर्शाच्या जागा पुन्हा जुळवल्या, आणि पॅनल पूर्ववत चालू लागले. ज्या दुरुस्तीसाठी नवा बोर्ड घ्यायला सांगितले जात होते, तिला एक फडके पुरले. खडूचा फळा आणि पॅनल अगदी लगत बसवण्याची जागा कंपनीच्याच माणसांनी निवडली होती आणि सोबतच्या पुस्तिकेत केवळ काच पुसण्याबद्दल दोन ओळी आहेत, याचा मला आजही संताप येतो. कड रोज कोरडी पुसा, एवढे एक वाक्य तिथे असते तर माझा तास बुडाला नसता.

इतके असूनही पॅनल काढून टाका असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण तो स्लायडरच आहे. क्ष-वर्गाचा सहगुणक हळूहळू कमी केला की परवलय (समीकरणाचा वाटीसारखा वक्र आलेख) पसरट होत जाते, शून्यावर त्याची सरळ रेषा होते आणि ऋण होताच ते उलटे होते. फळ्यावर पाच वेगवेगळे आलेख काढूनही ही सलगता दाखवता येत नाही. शून्यावर थांबल्यावर एका विद्यार्थिनीने ‘मग याला आता वर्गसमीकरण म्हणायचं का?’ असे विचारले, आणि पुढची चर्चा पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा कितीतरी खोल गेली. यासाठी मी वापरतो ते जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना त्याची सुरुवात केली आणि वर्गातील वापरासाठी ते विनामूल्य आहे. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या फेट (PhET) प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, आमचे विज्ञानाचे शिक्षक वापरतात, तीही विनामूल्य. पॅनलसोबत आलेल्या व्हिडिओंच्या वर्गणीचे नूतनीकरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पाहताना वर्ग शांत असतो, पण शांत असणे म्हणजे शिकणे नव्हे.

एका बाबतीत मात्र माझे मत पुरते पालटले. तास संपल्यावर पॅनलवरचे सगळे लेखन जतन करून विद्यार्थ्यांना पाठवता येते, ही सोय पहिल्या सत्रात मला सर्वांत मोलाची वाटत होती. दुसऱ्या सत्रापर्यंत वह्या ओस पडू लागल्या, कारण सगळे आयते मिळणारच होते. आता आदल्या दिवसाचे पान मी तासाच्या सुरुवातीला उघडतो, त्यातील उत्तराकडे नेणाऱ्या पायऱ्या झाकतो आणि विद्यार्थ्यांना त्या आठवून वहीत लिहायला सांगतो. पूर्ण पान त्यानंतरच दाखवतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोगातून दाखवले होते की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याचा सराव केलेले आठवड्यानंतर अधिक लक्षात राहते. जतन केलेल्या पानाचा हा उपयोग कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसला नाही, आणि माझ्या लेखी या यंत्राचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे.

शेजारच्या वर्गासाठीही असेच पॅनल घेण्याचे घाटत आहे. ते खडूच्या फळ्यासमोरच्या भिंतीवर बसावे, असे मी कळवले आहे. चौकटीतील दिवे, संवेदक आणि त्यांची सफाई हमीत समाविष्ट असल्याचे कंपनीने लेखी दिल्याशिवाय मात्र मी त्या मागणीपत्रावर सही करणार नाही.