घाण्याचं खोबरेल, पाच लिटरचा डबा: पावसाळा काढल्यावर

एप्रिलात विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे. हुमण (माशाचं कालवण) असो की तव्यावरचे बांगडे, तेल चोख. ऑगस्टात तळाच्या तेलाला साबणासारखा वास सुटला आणि तारे दोनावर आले. घाणेवाल्याचं उत्तर: ‘खोबरेल कधी खराब होत नाही.’ बदलून द्यायचं नावच नाही.

त्याचं अर्धं खरं आहे. खोबरेलात सुमारे ९० टक्के संपृक्त स्निग्धाम्लं असतात, म्हणून सूर्यफूल तेलासारखं ते नुसत्या हवेनं लवकर खवट होत नाही. त्याचा वैरी पाणी. ओल असली की बुरशीतलं लायपेझ हे विकर (एन्झाइम) तेल फोडतं, लॉरिक आणि त्याहून लहान आम्लं सुटी होतात. साबणाचा वास त्यांचाच. खोबऱ्यात ६ टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली तर बुरशी आधीच धरलेली असू शकते. उरलेली ओल गाळात बसते, म्हणून वास तळापासून सुरू होतो.

आता झाकण. ओढून वर काढायची ती प्लास्टिकची तोटी! प्रत्येक वेळी तिच्या कडीत तेल अडकतं, पुसता येत नाही, पातळ थर हवेवर जुना होतो आणि पुढच्या धारेबरोबर ताज्या तेलात उतरतो. दाबून बसवली तरी हवाबंद नाही. जुलैत निम्मा डबा रिकामा म्हणजे निम्मा डबा दमट हवा. पाच लिटरच्या डब्याला असलं झाकण लावणाऱ्याचं डोकं कुठं होतं कोण जाणे.

मत मात्र पुन्हा बदललं. याच डब्यातलं मे महिन्यात काचेच्या बाटल्यांत भरलेलं तेल अजून स्वच्छ आहे. म्हणून तेलाला चार तारे, डब्याला शून्य.

डबा आणल्यावर दोन दिवस हलवू नका. वरचं नितळ तेल कोरड्या कढईत मंद आचेवर चुरचुर थांबेपर्यंत तापवा, धूर येऊ देऊ नका. निवलं की अर्ध्या लिटरच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरा. बाटली आणि बूच दोन्ही खडखडीत कोरडी हवीत. गाळाचं तेल आधी संपवा. फ्रीज नको: थंड बाटली बाहेर उघडली की आत दव धरतं. कल्हई गेलेलं तांब्या-पितळेचं भांडंही नको, तांब्यानं तेल लवकर खवटतं. मासे तळलेलं तेल तर बाटलीत परत ओतूच नका, त्यात पाणी, मीठ आणि माशाचं लवकर बिघडणारं तेल उतरलेलं असतं.

पाच लिटर स्वस्त पडतं हे खरं, पण घ्यायचं तर मार्च-एप्रिलात, कडक उन्हात वाळलेल्या खोबऱ्याचं. पावसात अर्धा लिटरच आणा.