अरण्यातील वास्तूची डागडुजी: कोणता निधी मागावा?

राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असलेला किल्ला वा लेणे दुरुस्त व्हावे म्हणून धडपडणाऱ्या स्थानिक संस्थेपुढे चार वाटा असतात: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे (पुढे नुसते ‘सर्वेक्षण’) नियमित अंदाजपत्रक, राष्ट्रीय सांस्कृतिक निधी, वारसा दत्तक योजना आणि जिल्हा वार्षिक योजना. यांतली निवड रकमेवरून न करता, वास्तू कोणाच्या संरक्षणाखाली आहे आणि काम नेमके कशाचे आहे, यावरून करावी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी किंवा मेळघाटातील गाविलगड ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. पैसा कोणीही दिला तरी तेथील दगडाला हात लावायचा तो सर्वेक्षणाच्या संमतीने आणि देखरेखीखालीच.

सर्वेक्षणाच्या नियमित निधीचा मोठा फायदा म्हणजे अभियंते, चुनाकामाची जाण असलेले गवंडी आणि निर्णयाचा अधिकार एकाच छताखाली असतात. मात्र देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारकांच्या रांगेत, आडरानातला आणि तिकीटविक्री नसलेला किल्ला मागे पडण्याचा धोका उघड आहे. दुसरी अडचण कॅलेंडरची आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, पावसाळ्यात चुन्याचे काम करता येत नाही, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खालील परवानग्या हाती पडेपर्यंत हिवाळाही सरत आलेला असू शकतो. त्यामुळे मंजूर झालेली रक्कम खर्च न होता परत जाण्याची किंवा शेवटच्या महिन्यात घाईने खर्ची पडण्याची शक्यता राहते. चुना घाईला दाद देत नाही.

याच कारणामुळे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या कामासाठी राष्ट्रीय सांस्कृतिक निधी मला अधिक सोयीचा वाटतो. 1890 च्या धर्मादाय देणगी कायद्याखाली 1996 मध्ये स्थापन झालेल्या या न्यासाला केंद्र सरकारने 19.5 कोटी रुपयांचे मूळ भांडवल दिले. देणगीदाराला विशिष्ट स्मारक आणि विशिष्ट काम निवडता येते, देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळते, आणि कंपनी कायदा, 2013 नुसार ऐतिहासिक वास्तूंच्या जतनावरील खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्वात मोजला जातो. कान्हेरीत हाच मार्ग वापरला गेला. इंडियन ऑइल फाउंडेशनच्या सहभागातून तेथे पर्यटक दालन, कर्मचारी निवास आणि तिकीटघराचे काम झाले, आणि 2022 च्या बुद्ध पौर्णिमेला त्या सुविधांचे उद्घाटन झाले. वीज आणि नळाचे पाणी न पोहोचलेल्या त्या वनक्षेत्रात सौरऊर्जा आणि कूपनलिकेवर भागवावे लागले. तरीही हेही ध्यानात घ्यावे की हा पैसा दिसणाऱ्या कामाकडे ओढला जातो. लेण्याच्या माथ्यावरचे बुजलेले पाणचर, म्हणजे पाणी वाहून नेणारे चर, मोकळे करून मुरणारे पाणी थांबवण्यासाठी देणगीदार मिळवणे फार कठीण, कारण तिथे नामफलक लावायला जागाच नसते. म्हणून प्रस्तावात सुविधांबरोबर असे एक तरी मूळ काम करारातच बांधून घ्यावे.

वारसा दत्तक योजनेबद्दल थोडक्यात सांगता येईल. 2017 मध्ये सुरू झालेल्या आणि 2023 मध्ये नव्या रूपात आलेल्या या योजनेत कंपनी पाच वर्षांसाठी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, माहितीफलक, प्रकाशयोजना यांची जबाबदारी घेते. ढासळत्या बुरुजासाठी ती योग्य नव्हे, आणि वन्यजीवांच्या गाभा क्षेत्रात प्रकाशयोजना मागूच नये.

जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी 3 टक्के निधी ठेवण्याचा राज्याचा निर्णय राज्य संरक्षित वास्तूंना विशेष उपयोगी आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असल्याने स्थानिक पाठपुराव्याला येथे वजन असते. परंतु हाही वर्षाच्या चौकटीतला पैसा आहे. शिवाय काम सामान्य बांधकाम ठेकेदाराकडे गेल्यास दगडांमधल्या जुन्या चुन्याच्या दरजांत (सांध्यांत) सिमेंट भरले जाण्याची भीती असते, म्हणून राज्य पुरातत्त्व संचालनालयाचे अंदाजपत्रक आणि देखरेख ही अट मंजुरीच्या कागदावरच हवी.

तटाला आजच भेग पडून तो कोसळण्याच्या बेतात असेल, तर केंद्र संरक्षित ठिकाणी थेट सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाकडे जावे. दोन-तीन हंगाम चालणाऱ्या कामासाठी सर्वेक्षणाचेच अंदाजपत्रक घेऊन सांस्कृतिक निधीकडे जावे. दोन्ही बाबतींत वनखात्याकडील अर्ज निधीच्या अर्जाआधी दाखल करावा, आणि वाळू, चुना, पाणी डोक्यावरून किंवा खेचरावरून वर नेण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवून घ्यावा.