‘एचआयव्ही बरा झाला’ म्हणून दाखवला जाणारा रिपोर्ट

एक इसम ‘मी एचआयव्ही मुळापासून बरा करतो’ म्हणत, नाव झाकून जो रिपोर्ट लोकांना दाखवतो, तो माझ्या नवऱ्याचा आहे. हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

हे पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या नियमित चालू होत्या आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत दिसेनासा झाला होता. लोड असाच रक्ताच्या एका मिलिलिटरमागे 200 प्रतींच्या खाली टिकला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात अशा जोडप्यांचे कंडोमशिवायचे सुमारे 58,000 संबंध धरले होते. जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

या माणसाने आधी फाइल मागितली. लोड जास्त असेल त्याला तो ‘केस अवघड आहे’ म्हणून परत पाठवतो, हे पुढे समजलं. आम्हाला पुड्या दिल्या आणि गोळ्या चालू असतानाच लोड तपासून घेतला. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या. आधीच्या रिपोर्टमध्येही हेच होतं, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, “ताई, तेव्हा विषाणू गोळ्यांनी दबला होता, आता औषधाने मेलाय. गोळ्या बंद करा.” अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, साधी तपासणी मात्र करायची नाही, अशी ताकीद दिली. का, तर ती गोळ्या घेणाऱ्याचीही पॉझिटिव्हच येते आणि त्याचं बिंग फुटलं असतं.

टिमोथी रे ब्राऊनचं नाव तो सारखं घ्यायचा. ब्राऊन एचआयव्हीतून बरे झाले हे खरंच. पण त्यांना रक्ताचा कर्करोग होता, आणि जनुकात दुर्मीळ बदल असलेल्या दात्याच्या मूलपेशी त्यांना दिल्या होत्या. पुड्यांचा तिथे संबंधच काय!

गोळ्या बंद झाल्या आणि काही आठवड्यांत लोड वर गेला. विषाणू काही पेशींत वर्षानुवर्षं दडून राहतो, औषध थांबलं की उसळतो. मला धोका होता तो याच काळात. संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात, पण आम्हाला कळेपर्यंत ती वेळ टळली होती. आणि त्याने तर बोट टोचून किटवर माझी तपासणी केली, ‘निगेटिव्ह, बिनधास्त राहा’ असं लिहूनही दिलं! बोटातल्या रक्ताच्या तपासणीत नवी लागण 90 दिवसांपर्यंत निसटू शकते, प्रयोगशाळेतल्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासणीत 45 दिवसांपर्यंत. ती मुदत उलटल्यावर प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा मी निगेटिव्ह आहे याची खात्री झाली. यांच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत, लोडही उतरलाय.

कुणी असा रिपोर्ट पुढे केला तर एवढं विचारा: रक्त घेतलं त्या दिवशी हा माणूस एआरटीवर होता का? आणि गोळ्या थांबवल्यानंतरचा त्याचा लोड कुठे आहे? आमच्या बाबतीत तो दुसरा रिपोर्ट आमच्याकडे आहे. तो मात्र त्याने कुणालाही दाखवलेला नाही.